डांबराच्या पिंपाचं मडगार्ड

आमच्या साडूंनी आजवर एकाही माणसाचा चेहरा नीट पाहिलेला नाही आणि एकाही गाडीचा विसरलेला नाही. माझ्या लग्नात ते मला पहिल्यांदा भेटले, असं आपलं म्हणायचं. खरं तर ते भेटले माझ्या वरातीच्या गाडीला. मी मुंडावळ्या सावरत, नव्या कोटात घामाघूम होऊन खाली उतरलो, तर थोरले जावई म्हणून ज्यांनी माझं स्वागत करायचं ते गृहस्थ माझ्याकडे पाठ करून गाडीच्या डाव्या दाराशी उकिडवे बसलेले. कुणीतरी खांद्याला धरून त्यांना माझ्याकडे वळवलं. त्यांनी माझ्या हातात नारळ दिला आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "डाव्या अंगाला दणका खाल्लेली हाय. वरनं रंग मारलाय नुसता." त्या दिवशी त्यांनी मला पाहिलंच नव्हतं याची खात्री मला मांडवपरतणीला पटली. पंगतीत शेजारी बसून त्यांनी आपुलकीनं विचारलं, "आपन कुनाकडचं?"

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहणार कराडला लागून असलेल्या मलकापूरचे. उभी जवानी फौजेत ट्रकांचे पत्रे ठोकण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये ते जुन्या गाड्यांचे पत्रे ठोकू लागले. इंजिनाला हात लावत नाहीत. "इंजान कुनीबी करतंय," असं ते तुच्छतेनं म्हणतात, जसं एखादा गवई तबल्याविषयी बोलतो. त्यांचा सगळा जीव गाडीच्या कातडीवर. पत्रा सरळ झाला की नाही हे ते डोळ्यांनी बघत नाहीत. डोळे मिटतात, तळव्याखाली धोतराचं जुनं फडकं घेतात आणि मडगार्डावरून हात फिरवत नेतात. "डोळा फसतो. तळवा न्हाई फसत." ही सवय पुढे इतकी अंगात मुरली की समोर जे गुळगुळीत येईल त्यावरून त्यांचा हात फिरू लागला. एका मित्राच्या वास्तुशांतीला त्यांनी दिवाणखान्याच्या भिंतीवरून हात फिरवून गिलाव्याला पोट सुटल्याचं सत्यनारायणाच्या कथेच्या ऐन रंगात जाहीर केलं. आणि एकदा, एका बारशाच्या पंगतीत, मी जिलबी खात असताना माझ्या टकलावरून तोच तळवा सावकाश पुढून मागे गेला. मी वर पाहिलं. साडूंचे डोळे मिटलेले होते. "उजवीकडं वाईच खोलगा हाय," ते म्हणाले आणि मठ्ठा वाढायला पुढे गेले. तेव्हापासून मीही आरशात उजवीकडे बघतो. खोलगा आहे.

जगात त्यांचं एकच वैर आहे, ते लांबीशी. गाडीला पोचा आला की पत्रा आतून ठोकून वर काढायचा सोडून त्यावर जो लगदा थापतात आणि घासून गुळगुळीत करतात, ती लांबी. साडूंच्या लेखी ती चोरी, लबाडी आणि व्यसन यांच्या खालची पायरी आहे. ती पकडायला ते खिशात दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक बाळगतात. पत्र्याला चिकटलं तर गाडी खरी, गळून पडलं तर खाली लगदा. माझ्या मुलीला बघायला कोल्हापूरकडची मंडळी आली, ती चकचकीत गाडी घेऊन. आत पोहे चालले होते. साडू बाहेरून आले ते चुंबक बोटाला गुंडाळतच आणि थेट मुलाच्या वडिलांना म्हणाले, "पावणं, मागल्या दाराला वीतभर लगदा हाय. तुमाला म्हाईत हाय का?" मुलाच्या वडिलांचा चमचा हवेत राहिला. गाडीला कधी खरचटलंसुद्धा नाही, असं त्यांना विकणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. माझ्या बायकोनं डोळ्यांनी मला जे सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही. पण तो मुलगा उठला, नवीकोरी पॅन्ट घालून साडूंच्या शेजारी मातीत गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, "मला दाखवा कसं ओळखायचं ते." अर्ध्या तासानं दोघं हात धुऊन आत आले. साडूंनी अक्काला सर्वांदेखत सांगितलं, "पोरगा चांगला हाय. खाली बसतोय." माझा जावई तो हाच.

अक्कानं या माणसाबरोबर संसार कसा केला हे अक्काच जाणे. एका मडगार्डाची गोलाई जमेना म्हणून यांनी तिच्या खलबत्त्याचा बत्ता पळवला, पत्र्याखाली धरायला तो नेमका बसतो म्हणून. महिनाभर मागूनही बत्ता परत येईना तेव्हा तिनं शेडमधली चांगली हातोडी उचलली, राखेनं घासली आणि त्या हातोडीनंच मसाला कुटायला सुरुवात केली. साडूंनी जेवताना आमटी चाखून विचारलं, "आज कशानं कुटलायस? बारीक झालाय." ती हातोडी अजून स्वयंपाकघरात आहे. त्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे कुठलंही काम कधी होईल हे ते सांगत नाहीत. गिऱ्हाईक पुण्याहून येवो की बेळगावाहून, उत्तर एकच, "पत्रा म्हनंल तवा."

आता सासऱ्यांच्या गाडीविषयी सांगायला हवं. आमचे सासरे वाळव्याकडचे, ऊस आणि हळद लावणारे बागायतदार. ज्या गोलमटोल जुन्या गाडीला आपल्याकडे सगळे 'डुक्कर' म्हणत, तशी एक त्यांनी तरुणपणी कुणाकडून तरी घेतली होती. गाडी शहरातल्या डांबरी रस्त्यांसाठी जन्मलेली. सासऱ्यांना ती न्यायची होती शेतात, ओढ्यातून, आणि वर्षातून एकदा, भाऊबीजेला, बायकोच्या माहेरी, माणात. माणचे तेव्हाचे रस्ते म्हणजे नुसते दगड. तेव्हा त्यांनी गाडीला जीपची चाकं बसवली. चाकं मडगार्डाला घासू लागली, म्हणून मडगार्डं करवतीनं चौकोनी कापली. कापलेल्या जागी रस्त्यावर टाकून दिलेल्या डांबराच्या पिंपाचा पत्रा जोडला. डिकीचं झाकण काढून तिथे त्याच पिंपाचं उंच झाकण केलं, म्हणजे हळदीची पोती बसतील. मागच्या डाव्या दाराखाली एक पायरी जोडली. वेल्डिंग त्यांनी स्वतः केलं, आणि ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. गाडी दिसायची अशी की, बैल बुजायचे. साडूंनी ती पहिल्यांदा पाहिली ती त्यांच्या लग्नात आणि असं म्हणतात की अंतरपाट धरेपर्यंत त्यांची नजर गाडीवरून हलली नाही. सासऱ्यांना तोंडावर ते कधी काही बोलले नाहीत, जावई कसा बोलेल? पण माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज घोगरा व्हायचा. "साडू, द्येवमानूस हाय सासरा. पर त्या गाडीचं काय केलंया! आक्षी रानटी काम!"

सासरे गेले. गाडी गोठ्याशेजारी चिंचेखाली उभी राहिली, कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. मग धोंड्याचा महिना आला. धोंड्याच्या महिन्यात सासूनं जावयांना वाण द्यायचं आणि जावयानं मागितलेलं शक्यतो नाही म्हणायचं नाही. मला अंगठी मिळाली. ती करंगळीत अडकते आणि बाकी बोटांत जात नाही. सासूबाईंनी थोरल्या जावयांना विचारलं, "पावणं, तुमाला काय देऊ?" साडूंनी अनारशाचं ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "मामी, गाडी द्या." सासूबाईंनी ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "न्या. पर नीट झाली म्हंजी एकडाव मला तिच्यातनं दादाकडं न्यायचं. भाऊबीजेला. तवर मी तिकडं कुनाच्या गाडीनं जायाची न्हाई."

इथून आमच्या सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी, त्यांच्या दादाचं नव्वदीला टेकलेलं. सासरे गेल्यापासून दोघा भावंडांची भेट नव्हती. दादाची नातवंडं मुंबईला, तीही दिवाळीला येतील तेव्हा फोनवर चेहरा दाखवणार. सासूबाई त्या फोनला ओवाळायला तयार नव्हत्या. माझ्या मुलानं आपल्या गाडीतून नेतो म्हटलं, जावयानंही म्हटलं. "भाड्यानं आल्यावानी जाऊ का? दादा म्हनंल, हिच्या घरात आता कोन न्हाई," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना परतवून लावलं. एक भाऊबीज गेली, दुसरी गेली. माणातून दादा आजारी असल्याचे निरोप येत. अक्का नवऱ्याला विचारी, मी विचारी, आणि ताडपत्रीआडून उत्तर येई, "पत्रा म्हनंल तवा." माझा तोल सुटला एकदा. मी सांगलीहून मुद्दाम गेलो आणि ताडपत्रीबाहेर उभा राहून ओरडलो, "पत्रा म्हणेल तेव्हा म्हणेल, पण तोवर माणसं राहणार आहेत का?" आतली ठोकठोक थांबली. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली, जरा जोरात.

आणि तिसऱ्या वर्षी दसऱ्याला ताडपत्री निघाली. काय सांगू! सायीच्या रंगाची, गोल पाठीची, जशी कारखान्यातून आली असेल तशी गाडी उभी होती. सासऱ्यांचं जोडकाम, चौकोनी मडगार्डं, ती पायरी, ते उंच झाकण, सगळं गेलं होतं. त्या जागी साडूंनी सपाट पत्र्यातून गोलाई ठोकून काढली होती, आणि लांबी एक कणभर नाही. जीपची चाकं जाऊन मूळ मापाची चाकं आली होती. साडू इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. सासऱ्यांची एवढ्या वर्षांची लाज आपण झाकली, हा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. सासूबाईंना खास गावाहून आणलं होतं. त्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, काठी टेकत सावकाश एक फेरी मारली, आणि म्हणाल्या, "लय देखनी हाय. पर पावणं, आमची कुठं हाय?"

अक्कानं घाईनं दार उघडलं, "आई, हीच गं आपली, बस की आत." सासूबाई बसायला वाकल्या. चाकं लहान झाल्यानं बैठक पार खाली गेलेली; त्यांचे गुडघे तेवढे वाकेनात. "ह्ये तर जात्यापुढं बसल्यावानी हाय," असं म्हणून त्या हसल्या, आणि मग जावयाचं मन राखायला म्हणाल्या, "ऱ्हाऊद्या. लय कष्ट घेतल्यात तुमी." साडूंच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. इतकी वर्षं मी त्यांची टिंगल केली, पण त्या दिवशी मला त्यांचं फार वाईट वाटलं.

दोन दिवस ते शेडकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला. "साडू, या. शिडी धराय मानूस पायजे." फौजेतला माणूस पत्रा फेकून देत नाही, सासऱ्यांचे कापून काढलेले सगळे तुकडे त्यांनी शेडच्या माळ्यावर ठेवले होते. त्यांनी एकेक तुकडा वरून दिला, मी खाली घेतला. गंजून नुसती जाळी झाली होती. "हे परत लावणार?" मी विचारलं. "व्हय." "कधी होणार?" मी सवयीनं विचारलं आणि जीभ चावली. साडू शिडीवरून खाली बघत म्हणाले, "भाऊबीजेला." एकोणीस दिवस होते. त्यांच्या तोंडून तारीख निघालेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

मी निवृत्त मास्तर. शाळेला दिवाळीची सुट्टी नसली तरी मला होती. मुक्काम ठोकून राहिलो. गंजलेला भाग कापायचा, तिथे नवा पत्रा बेताचा कापून जोडायचा, आणि सासऱ्यांचा जो थोडा पत्रा धड असेल तो तसाच ठेवायचा, असं काम. पण खरी अडचण वेगळीच होती. साडूंच्या हाताला वाकडं करता येईना. सासऱ्यांचं मडगार्ड एका बाजूला बोटभर कलंडलेलं. साडू ठोकायला लागले की ते आपोआप सरळ व्हायचं. डोळे मिटून तळवा फिरवला की हात म्हणायचा इथे उंचवटा आहे, आणि दोन टोल्यांत उंचवटा गायब. तीन वेळा असं झालं. शेवटी त्यांनी मला जुना फोटो हातात देऊन स्टुलावर बसवलं. फोटोत सासूबाई गाडीजवळ उभ्या होत्या. सरळ व्हायला लागलं की मी ओरडायचं. आयुष्यात हातात कधी हातोडी धरली नाही, पण वाकडेपणाची पारख करायला मी लायक ठरलो. "साडू, सरळ झालं!" "आरारारा!" असं आमचं दिवसभर चालायचं. अक्का चहा घेऊन यायची आणि दोन म्हातारे मिळून एक मडगार्ड बिघडवताना बघून हसत परत जायची.

पायरी सगळ्यात शेवटी घेतली. तिच्यावर मातीचा आणि गंजाचा जाड थर. साडू ब्रशनं खरवडत होते ते मध्येच थांबले. बराच वेळ थांबले, म्हणून मी उठून गेलो. पायरीच्या बाहेरच्या काठावर सासऱ्यांनी पत्रा आत मुडपला होता, घमेल्याच्या काठाला मुडपतात तसा, आत तार घालून. बाकी सगळं काम तसं धसमुसळं. कडा धारदार, जोड ओबडधोबड. फक्त तेवढा वीत-दीड वीत काठ मऊ होता, त्यावर शेकड्यांनी बारीक टोले दिसत होते. "ह्ये करायला त्यास्नी चार दिस लागलं असतील," साडू म्हणाले. मग मला जेमतेम ऐकू येईल इतकं हळू म्हणाले, "मामींचं लुगडं अडकू नये म्हनून." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. चाळीस वर्षं मी ह्या कामाला रानटी म्हटलं, असं दोनदा म्हणाले. त्या काठाला त्यांनी हातोडी लावली नाही. खालचा आधार नवा केला, काठ होता तसा ठेवला, सासऱ्यांच्या टोल्यांसकट.

भाऊबीजेच्या सकाळी सासूबाई वाड्यासमोर नव्हे, थेट रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. जीपच्या चाकांवर उंच, चौकोनी मडगार्डांची, कलंडलेली ती गाडी येताना दिसली तेव्हा त्यांनी काठी माझ्या बायकोच्या हातात दिली. लुगड्याचा काठ धरला, पायरीवर पाय ठेवला आणि कुणाचा हात न घेता आत जाऊन बसल्या. दोघी लेकी त्यांच्याशेजारी, पुढे साडू आणि मी. मायणी ओलांडली तसा ऊस मागे राहिला, माळ सुरू झाले, मेंढ्यांचे कळप दिसू लागले. ताशी तीसच्या वर साडू गेले नाहीत. मागून येणारे आधी भोंगे वाजवायचे आणि मग शेजारून जाताना वाकून फोटो काढायचे.

दादा घरासमोर कट्ट्यावर घोंगडं पांघरून बसले होते. मोतीबिंदूनं नजर अधू झालेली. माणसं ओळखत नाहीत असं त्यांच्या सुनेनं वाटेतच फोनवर सांगितलं होतं. गाडी वळणावर आली आणि तो नव्वद वर्षांचा माणूस एकदम उठून उभा राहिला. "अगं, च्या टाका! दाजी आलं! दाजी आलं!" सासूबाई पायरीवरून उतरल्या, त्यांच्यापाशी गेल्या, घोंगडं नीट केलं. "न्हाई रं दादा. दाजी न्हाईत. त्यांची गाडी आलीया, आन मी आलीया." दादांनी बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आलीस न्हवं," एवढंच म्हणाले. मग पाट मांडला, ओवाळणं झालं, दोघं म्हातारी संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठल्या विहिरींच्या आणि मेलेल्या बैलांच्या गोष्टी बोलत राहिली, आणि आम्ही जावई भाकरी-मटण खाऊन त्यांच्या पायाशी आडवे झालो.

परतीला उन्हं कलली होती. बरीच वाट गेल्यावर सासूबाई मागून म्हणाल्या, "पावणं, ह्यांनी आज गाडी बघितली असती तर काय म्हनलं असतं ठावं हाय?" साडूंनी आरशातून बघितलं. "म्हनलं असतं, माझी गाडी हुती तशीच हाय. ह्या जावयानं तीन वर्सं केलं काय?"

आम्ही सगळे हसलो. साडूही हसले. मग त्यांनी गाडी कडेला घेतली, पाणी तापलंय म्हणाले, खाली उतरून बॉनेट उघडलं आणि त्याच्यामागे उभे राहिले. वाफ तर मला कुठेच दिसत नव्हती. अक्का दार उघडू लागली, तर सासूबाईंनी तिचा हात धरला.

"बस गं," त्या म्हणाल्या. "हुंद्या गार. आपल्याला घाई न्हाई."